दोन वाजून दहा मिनिटांचा प्रश्न

मंगळवारी दुपारी, आमच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटांनी, विरुद्ध बाजूच्या वकिलांनी सिंगापूरहून पडद्यावर आमच्या साक्षीदाराला विचारले, की तिसऱ्या कंटेनरचे सील बंदरावर बदलले होते का, आणि त्या दिवशी आर्द्रतामापक नादुरुस्त होता का. या दोन्ही गोष्टी एकाही कागदावर नव्हत्या. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, अंधेरीतल्या एका खोलीत, त्या पहिल्यांदा उच्चारल्या गेल्या होत्या.

खोलीत आम्ही तिघे होतो: आमचे वकील देवदत्त प्रधान, त्यांची सहायक श्रुतिका आणि रसायनांची सल्लागार म्हणून मी. आमच्या कंपनीने डच खरेदीदाराला पाठवलेली रंगाची पावडर गोळे होऊन पोहोचली होती. करारानुसार हा वाद न्यायालयाऐवजी तीन लवादांपुढे ऑनलाइन चालला होता. गोदामाचे मुकादम मार्तंड परब मराठीत साक्ष देणार होते. त्यांना पढवल्याचा आरोप नको, म्हणून सुट्टीत त्यांना खाली पाठवून साक्षीच्या खोलीत आम्ही डबे उघडले होते.

सुनावणी साडेचारला थांबली. देवदत्तने दार लावले.

"तुझा केयूर अजून विरुद्ध वकिलांच्याच मुंबई ऑफिसात आहे ना गं?"

"हो सर, पण..."

"पण लग्न ठरलंय. माहीत आहे मला. आणि तू मध्येच खाली गेलीस. दह्याला वीस मिनिटं?"

"डेअरीत रांग होती, सर. दह्याशिवाय भात घशाखाली उतरत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"माझ्या भातावर ढकलू नकोस! उद्यापासून येऊ नकोस. बार कौन्सिलला पत्र आजच जाईल."

असे पत्र गेले असते, तर तिची दोन वर्षांची वकिली तिथेच संपली असती. संशय मलाही आला होता. पण संशयाला क्रम तपासावा लागतो.

"देवदत्त, सीलचं मी बोलले तेव्हा ही इथेच होती. मापकाचं तू कधी बोललास?"

"भात वाढून घेतल्यावर."

"म्हणजे दह्याची वाट बघताना. ती परत आली तेव्हा आपलं बोलणं तुझ्या पार्ल्याच्या फ्लॅटवर आलं होतं. जे तिने ऐकलंच नाही, ते ती सांगणार कसं?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही किंवा मी? वसुधाताई, माझ्यावर संशय?"

"दोघांवरही आहे. आधी माझा फोन बघ."

दोन्ही फोन निर्दोष निघाले. उरली खोलीतली यंत्रे. सुनावणीतले बोलणे त्याच क्षणी इंग्रजी मजकूर होऊन दोन्ही पक्षांच्या पडद्यांवर उमटे. त्या दिवसाचा न कापलेला मजकूर मी मागवला. त्यात सुट्टीची सहा पाने होती, दुभाषी मालन यांच्या नावाखाली. त्या बोरिवलीच्या घरून भाषांतर करत; मी त्यांना फोन लावला.

"सुट्टीत तुम्ही भाषांतर करत होतात?"

"अहो, साक्षीदाराच्या माइकवर येईल ते सगळं मराठी, काहीही न गाळता, अशी लेखी सूचना आहे मला. सुट्टी झाली हे कोणी कळवलंच नाही. तुमच्या दह्याचंही केलंय मी."

"उद्या साडेनऊला ये," देवदत्त श्रुतिकाला म्हणाला.

"आणि पत्र, सर?"

"लवादांना लिहायचंय. मसुदा तूच कर."

मसुद्यातला कारणाचा परिच्छेद मी सांगितला: जेवायला बसताना आमच्या वकिलांनी मुख्य माइक बंद केला, थेट दुभाषीला जोडलेला साक्षीदाराचा माइक चालू राहिला. दुभाषीने केलेले भाषांतर दोन्ही पक्षांच्या पडद्यांवर उमटत होते. आमचे लॅपटॉप आम्ही डब्यांना जागा करण्यासाठी मिटले होते. विरुद्ध पक्षाचे उघडे होते, आणि त्यांनी वाचले.