कन्व्हर्टरवरचा पत्रा

ताईची जुनी गाडी चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा तिने ती पाठच्या भावाच्या गॅरेजात नेली. लहानपणी त्याने घरातली प्रत्येक खुर्ची सुटी करून पाहिली होती. तेव्हापासून घरी त्याचं नाव पान्याच पडलं होतं.

पान्याने गाडी वर उचलली आणि खालचा एक लांबट डबा मुठीने ठोकला. आत खुळखुळ वाजलं.

"कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. इंजिनाचा विषारी धूर तिच्यातून जाताना बराचसा निवळतो. ती फुटलीय, तुकडे अडकलेत."

"तुझ्याकडे आलं की नवाच आजार निघतो," ताई म्हणाली. "आज होईल ना? माळीबुवाकडे कुंड्या पोचवायच्यात."

माळीबुवा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्याला एका पडीक जागेत बिनबियांच्या लिंबाचं झाड सापडलं होतं. ते झाड पुढे रोगाने गेलं, पण त्याआधी धाकट्याने त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढून दुसऱ्या रोपांवर कलम करून ठेवले होते. त्या जातीची तेवढीच रोपं आता उरली होती आणि त्यांच्याच भरवशावर धाकट्याने नोकरी सोडली होती.

नवा कन्व्हर्टर बसला. तो जुन्यापेक्षा जाड निघाला, त्यामुळे त्यावर झाकायचा पत्रा नीट बसेना. इंजिन सुरू केलं की पत्रा थरथरायचा. ताई गाणं शिकवायची. तिला तो आवाज सहन होईना.

"हे काय किरकिरतंय? काढ बाई ते!"

"अगं, तो कामाचा आहे. उद्या ये, पट्ट्या करून घट्ट बसवतो."

"उद्या उद्या करत तू लग्नालासुद्धा उशिरा पोचला होतास. तेही स्वतःच्या!"

गॅरेजातले सगळे हसले. पान्याही हसला. ताईला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने बोल्ट सोडवून पत्रा काढला. एवढ्यात एका गिऱ्हाइकाने हाक मारली. ताई गाडीत बसली तेव्हा तो वळून एवढंच म्हणाला, "जपून चालव."

ताईने खरंच जपून चालवली. सावकाश, शांतपणे, गुणगुणत ती धाकट्याच्या बागेत पोचली आणि गाडी रोपांना लागून, सावलीत उभी केली. खाली गुडघाभर वाळलेलं गवत होतं. चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर तव्यापेक्षा जास्त तापलेला असतो. मध्ये पत्रा नसेल, तर गवत थेट त्याला टेकतं. चालवण्यात धोका नव्हताच, थांबण्यात होता, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कुंड्या उतरवेपर्यंत धूर निघाला. धाकट्याने ताईला बाजूला ओढलं. शेजारचे बादल्या घेऊन धावले. गाडी जळून गेली. आग रोपांच्या रांगांवरून पुढे सरकली आणि पायवाटेपाशी विझली.

पान्या पोचला तेव्हा ताई काजळी लागलेल्या पदराने तोंड पुसत होती.

"माझंच चुकलं रे," ती धाकट्याला म्हणत होती. "मीच हट्ट केला. हा नको म्हणत होता."

"जाऊ दे, ताई. तू वाचलीस ना."

पान्याला गप्प राहता आलं असतं.

"तिचं नाही," तो मग म्हणाला. "मला माहीत होतं. वाळल्या गवतावर उभी करू नकोस, एवढंच सांगायचं होतं. राहून गेलं."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. "आम्हाला फ्रीजचं दार कसं लावायचं तेसुद्धा शिकवतोस, दादा. आणि हे राहिलं?"

धाकटा खाली बसला आणि तपासायच्या राहिलेल्या रोपांची साल नखाने खरवडू लागला. रोप जिवंत असेल तर सालीखाली हिरवं दिसतं. पहिल्या रोपाला तपकिरी निघालं, दुसऱ्याला तपकिरी. पान्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि त्यानेही खरवडायला सुरुवात केली. त्याची बोटं ग्रीसने काळी होती, त्यामुळे नीट कळेना. तो प्रत्येक काडी डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा पाहू लागला.

बऱ्याच वेळाने धाकटा त्याच्यापाशी आला आणि त्याच्या हातातली काडी हळूच काढून घेतली.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "तुझी बाजू मी तू यायच्या आधीच पाहिलीय. सगळी तपकिरीच निघाली."