बार अठ्ठे शहाण्णव

त्या दिवशी खाणीत शंभर माणसं उतरली होती. माणसं वर-खाली नेणाऱ्या पाळण्यात एका वेळी आठ मावतात आणि आठ भरल्याशिवाय तो वर येत नाही. पूर्वी फळीवर बिल्ले टांगून माणसं मोजत. संगणक आला आणि फळी चुलीत गेली. आता कोबोल या संगणकभाषेत लिहिलेल्या हिशेबाची चिठ्ठी निघते: फेऱ्या किती, उरले किती. उरलेल्यांसाठी, ते आठ नसले तरी, पाळणा आणखी एकदा जातो, मगच सुरुंग उडतात.

हा हिशेब लिहिणारी बाई मुकादमाची बायको. काल साहेबाने हट्ट धरला, "फेऱ्यांचा आकडा दशांशात दिसू दे." तिने भागाकाराचा रकाना दोन दशांशांनी रुंद केला आणि घरी गेली.

आज चिठ्ठी हातात आली. फेऱ्या १२, उरले ०.

शून्य? बार अठ्ठे शहाण्णव! शंभरातले चार उरायलाच हवेत. यंत्र बाकी कशी काढतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? भागाकाराच्या रकान्यात जेवढं मावलं त्याला आठाने गुणायचं आणि शंभरातून वजा करायचं. परवापर्यंत तिथे नुसते बारा मावत, बाकी चार यायची. आज साडेबारा मावले, बाकी उडाली. चिठ्ठीवरची जागा मात्र जुनीच, अरुंद. तिथे बाराच छापले गेले.

चार माणसं खाली. आणि मुकादम नेहमी सगळ्यांच्या शेवटी निघतो.

ती धावत सुटली. सुरुंगाच्या खोलीत तिचा दीर होता. कानांत बोळे, बाहेर भोंगा ठणाणा करतोय, हात सुरुंग उडवायच्या दांडीवर.

"भाऊजी, थांबा! हे खाली आहेत!"

त्याला ऐकू जाईना. तिने भिंतीवरचा पाना ओढला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. कोण आहे ते बघायच्या आत त्याने तिला भिरकावलं. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. ती उठली, त्याच्या दंडाला कडकडून चावली आणि कानातला बोळा उपसला.

"वेड लागलं का वहिनी? चिठ्ठीवर शून्य आहे!"

"चिठ्ठी माझीच, आणि चुकीची! तुमचा दादा खाली आहे!"

तो दचकून मागे सरकला आणि त्याचं कोपर दांडीवर पडलं. सुरुंगांची पहिली रांग उडाली. जमीन हादरली. बाकीच्या पाच रांगांच्या तारा त्याने डाव्या हाताने टराटरा उपटल्या.

पाळणा तेराव्यांदा उतरला. तिघं आपल्या पायांनी बाहेर आले. मुकादमाला त्यांनी ओढत आणलं. उजव्या गुडघ्याखाली नुसता चेंदामेंदा, रक्त थांबेना.

"कुणी मोजलं आम्हाला?" तिघांतल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"मी."

त्याने तिच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की ओठ फाटला. दुसरीसाठी हात उचलला. ती हलली नाही.

"काका, मारा हवं तेवढं," मुकादम खालून ओरडला, "पण आधी तिला हा कमरेचा पट्टा आवळू द्या! तुम्हा कुणाला धड गाठ मारता येत नाही!"

ती बसली. पट्टा त्याच्या मांडीभोवती घातला, पाय रोवला आणि दोन्ही हातांनी खेचला. तो गुरासारखा हंबरला. तिने आणखी खेचला.