मुरबाडचं कॉटेज रिजेक्ट

गेल्या मे महिन्यात आम्ही फोटो बघून समुद्राजवळ एक कॉटेज घेतलेलं. फोटोत स्विमिंग पूल होता. प्रत्यक्षात तो गुडघाभर पाण्याचा हौद निघाला आणि त्यात मालकाची बदकं पोहत होती. 'खोलीतून समुद्र दिसतो' असंही लिहिलेलं. समुद्र दिसायचा, पण गच्चीवरच्या टाकीवर चढलं तर. माझा नवरा अनिमेष चढला आणि वरून ओरडला, "दिसतोय! खरंच दिसतोय!" बाकी आम्ही आठ जणांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्यामुळे यंदा दिवाळीच्या सुट्टीची बोलणी सुरू झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, जाहीर करून टाकलं, "प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय बुकिंग करायचं नाही."

अण्णा अंबरनाथच्या एका पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी खात्यात होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी जगाकडे बघायची पद्धत तीच. भाजीवाल्याचा दुधी असो, सोसायटीचं नवीन गेट असो की माझ्या मुलीची चित्रकलेची वही, शेरा दोनच. पास किंवा रिजेक्ट.

"पण बघायला जाणार कोण?" माझी नणंद आसावरीताई फोनवर म्हणाली. ती आणि तिचा नवरा सुदेश ठाण्यात कोपरीला राहतात, आम्ही डोंबिवलीत. "मला सुट्टी नाही, सुदेशला नाही, अनिमेष आणि रसिकाला तर मुळीच नाही."

"मी जाईन," अण्णा म्हणाले.

"एकटे?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, "मी जाते ना बरोबर. यांना नळ कळतात, ओटा कुठे कळतो?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वासंती. 'कुठेही चला, मला चालतं,' हे त्यांचं कायमचं उत्तर. त्यांनी आपण होऊन 'मी जाते' म्हटलेलं मी तेरा वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं, चला, काम वाटून गेलं.

पहिलं कॉटेज मुरबाडच्या पुढचं. मंगळवारी सकाळी दोघं कल्याणहून एसटीने निघाले. अण्णांच्या पिशवीत मोजपट्टी, टॉर्च, पाना आणि एक रिकामी लिटरची बाटली. बाटली नळाखाली धरायची आणि किती सेकंदांत भरते ते वहीत लिहायचं, असा बेत. संध्याकाळच्या गाडीने परत येणार होते. चार वाजता मला ऑफिसात फोन.

"रसिका, आज इथे राहावं लागेल."

"का? काय झालं?"

"सकाळचा पाण्याचा दाब बघितला पाहिजे. संध्याकाळच्या दाबावरून अंदाज येत नाही."

बुधवारी उशिरा दोघं परतले. मी दार उघडताच विचारलं, "कसं आहे?"

"रिजेक्ट," अण्णा म्हणाले. "न्हाणीघरातला नळ गळतो. मिनिटाला अकरा थेंब."

"अहो अण्णा, वायसर बदलला की झालं," अनिमेष म्हणाला.

"आज वायसर, उद्या पाइप."

"कोंबडाही फार लवकर आरवतो," आई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसरं केळव्याचं. तिथे त्यांनी तीन दिवस काढले, कारण अण्णांच्या मते समुद्राकाठच्या घराला ओल किती आहे ते एका दिवसात कळत नाही. आई परत आल्या तेव्हा त्यांचं नाक उन्हाने चांगलंच रापलेलं. शेरा: गादी कडक, रिजेक्ट. तिसरं कर्जतचं. तिथून मात्र त्याच दिवशी आले. "मालक फार बोलतो," अण्णा म्हणाले. "हलायलाच तयार नाही. सारखा आमच्याबरोबर."

आसावरीताई वैतागली. "राजवाडा दिला तरी अण्णा पडद्याचं कापड रिजेक्ट करतील. दिवाळी आली जवळ, चांगल्या जागा सगळ्या जाणार."

"येत्या बुधवारी आम्ही शहापूरचं बघतोय," अण्णांनी तिला सांगितलं. "दोन दिवस लागतील."

मला काही धीर निघेना. फोटोंवरून मुरबाडचंच कॉटेज मला सगळ्यात आवडलेलं. एका नळापायी ते सोडायचं म्हणजे काय? शनिवारी दुपारी मी सरळ तिथे फोन लावला. जागा सांभाळणाऱ्या सखुबाईंनी तो घेतला. मी कोण ते सांगितलं, तशा त्या खुलल्याच.

"अगं बाय, अण्णा आनि काकूंची सून का तू? बरी हायत ना दोघं? काकू काय गानी म्हनतात गं! आमच्या पोरींनी मोबाइलात भरून ठेवलीत."

"आई? गाणी?"

"तर! वढ्यात पाय सोडून बसलेली दोघं, आख्खी दुपार. आनि अण्णांनी भजी तळली. मी म्हनलं, मी देते करून, तर ऐकनात. काकूला म्हनले, तू उठायचं नाय."

मी खुर्चीत बसले. आमच्या घरी चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे अण्णांना आजही सांगावं लागतं.

"सखुबाई, मी नळाचं विचारत होते. बाथरूममधला, गळतो म्हणाले."

"तो व्हय? तो अण्णांनीच केला की नीट, आल्या आल्या. पिशवीतून वायसर काढला नि बसवला. आता थेंब नाय पडत. बुधवारी येतील तवा बघतीलच."

"बुधवारी?"

"दोन दिवस राहतो म्हनून अण्णांचा फोन आलेला. तुला ठावं नाय?"

मी म्हटलं, "आहे आहे, विसरलेच," आणि फोन ठेवला.

आई हॉलमध्ये खाली बसून गवार मोडत होत्या. अण्णा वाचनालयात गेलेले, अनिमेष मुलीला घेऊन कराटेच्या क्लासला. मी समोर बसले, चार शेंगा हातात घेतल्या.

"आई, मी मुरबाडला फोन केलेला."

त्यांनी मोडलेली शेंग देठांच्या ढिगात टाकली.

"नळ दुरुस्त झाला म्हणे."

"हो का? बरं झालं."

"भजी कशाची होती हो?"

त्या आधी लाल झाल्या. मग जे हसायला लागल्या ते पदराने डोळे पुसेपर्यंत. "घोसाळ्याची," त्या म्हणाल्या. "निम्मी करपलेली. पण सगळी खाल्ली मी."

"मग सांगायचं ना आम्हाला!"

"काय सांगायचं? अगं, लग्न झाल्यावर आम्ही माथेरानला गेलो, तेव्हा सासूबाई आणि दोन्ही नणंदा बरोबर. मी नणंदांच्या खोलीत, हे आईच्या खोलीत. पॉइंट बघायला जायचो तेही पाच जण. मग आसावरी झाली, मग अनिमेष, मग तुमची मुलं. बेचाळीस वर्षांत दोघंच असे कुठे गेलोच नाही. आता या वयात सांगायचं, की आम्ही दोघं फिरायला चाललोय? तुझ्या सासऱ्यांचं पाऊल उचलत नाही. तपासणीचं काम आहे म्हटलं की कसे ताठ चालतात."

"पण मुरबाड एवढं आवडलं तर रिजेक्ट का केलंत?"

शेंगेची शीर सोलत त्या म्हणाल्या, "पास केलं असतं तर तुम्ही सगळे आला असतात."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. "तसं नाही गं. तुम्ही सगळे हवेच आहात मला."

खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलं. पण मग मी आमच्या घराचा विचार केला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमची मुलगी आजी-आजोबांच्या मध्ये झोपते, कारण आमच्या खोलीत कपाटाने जागा खाल्लीय. सकाळी सहाला अण्णा दूध आणतात, आई डबे भरतात, आणि आम्ही दोघं 'येतो' म्हणून निघतो. त्यांना एकमेकांशी बोलायचं असेल तर ते कधी बोलत असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"बरं, मग दिवाळीला कुठे जायचं ते तरी सांगा," मी म्हटलं.

"केळव्याला. गादी चांगली मऊ आहे," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही सगळे कोपरीला आसावरीताईकडे जमलो. नवरात्र होतं, संध्याकाळी टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जायचं होतं, त्याआधी कॉटेजचा निकाल लावायचा असं ताईचं फर्मान. तिने साबुदाणा वड्यांची परात मध्ये ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, काय ते एकदा ठरवा. नाहीतर मी माझ्या मनाने बुक करते."

मी अण्णांकडे बघितलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "अण्णा, केळवा पास करून टाका. मुरबाड रिजेक्टच राहू दे."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. आई वड्याला चटणी लावण्यात गुंतलेल्या. अण्णांचे कान हळूहळू लाल होत गेले. त्यांनी वही उघडली, एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली.

"केळवा पास."

"गादी कडक होती ना?" सुदेशने विचारलं.

"कडक गादी पाठीला उत्तम."

"सुटलो बाई!" आसावरीताईने लगेच फोन हातात घेतला. "आत्ताच बुक करते. आणि अण्णा, आता बुधवारी शहापूरला जायची काही गरज नाही. उगाच दगदग. त्यापेक्षा बुधवारी इकडे या, मुलांना बघायला कुणीतरी हवंच आहे."

आईंचा वडा हातातच राहिला. मी काहीतरी सुचवावं म्हणून धडपडत होते. पाण्याचा दाब, ओल, काहीही. पण केळवा पास झाल्यावर तपासायचं उरलंच काय?

अण्णांनी वही मिटली. कारखान्यात मीटिंगमध्ये बोलायचे तसे घसा खाकरून ताठ बसले.

"बुधवारी आम्हाला जमणार नाही. आम्ही मुरबाडला जातोय."

"परत? ते रिजेक्ट केलंत ना?"

"केलं."

"मग कशाला जाताय?"

"राहायला," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, जमिनीकडे बघत, "वासंतीला ओढा आवडला. मलाही. दोघंच जाणार आहोत."

आसावरीताईने तोंड उघडलं. आता ती रागावणार, दोन महिने कसे फुकट गेले ते ऐकवणार, असं मला वाटलं. ती आईंकडे बघत राहिली. आई पासष्ट वर्षांच्या, आणि नजर अशी खाली, की जणू चोरून सिनेमाला गेलेली मुलगी घरच्यांना सापडली.

"आई," ताई म्हणाली, "त्या फुलाफुलांच्या दोन सुती साड्या ने. पाण्यात भिजल्या तरी लगेच वाळतात." आणि मग तिलाच हसू आवरेना. सुदेशने टाळ्या वाजवल्या. अनिमेषला काय चाललंय ते कळायला आणखी पाच मिनिटं लागली. कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आम्हाला कटवलंत?" आणि सगळ्यात जास्त तोच हसला.

बुधवारी सकाळी सोसायटीच्या गेटवर शेजारच्या प्रफुल्लकाकांनी विचारलं, "काय अण्णा, पिशव्या घेऊन कुठे?" मी रिक्षा थांबवत होते. अण्णा जरा अडखळले, पण नंतर त्यांनी आईंच्या हातातली पिशवी घेतली आणि मोठ्याने सांगितलं, "फिरायला!"

दिवाळीत आम्ही नऊ जण केळव्याला गेलो. कॉटेज खरंच चांगलं होतं. सुदेशने दोन दिवस झोप काढली, मुलांनी सगळ्या चादरींत वाळू आणली, आणि अनिमेष व ताई पत्त्यांवरून लहानपणीसारखे भांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि आई चपला घालून सुरूच्या झाडांकडे निघाले. मुलं लगेच उठली, "आजोबा, आम्ही पण!"

आसावरीताईने आपल्या धाकट्याला शर्टाला धरून मागे ओढलं, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही बसा इथे. मी तुम्हाला वाळूचा किल्ला शिकवते."

तिला किल्ला अजिबात येत नव्हता. तो तीनदा पडला, आणि दोघं परत येईपर्यंत मुलं तिच्यावर चिडून पार लांब जाऊन बसलेली.