पिवळी वायर

फोन एका बसचालकाचा होता. "बाई, शाळेसमोरच्या चौकात दोन्ही रस्त्यांना एकदमच हिरवा लागलाय!"

नियंत्रण कक्षातली मैत्रीण म्हणाली, "माझ्या स्क्रीनवर तर सगळं ठीक दिसतंय." पण स्क्रीनवर दिव्याला दिलेला हुकूम दिसतो, दिवा नाही. वीस वर्षं सिग्नल दुरुस्त करतेय, एवढं कळतं. शिडीची गाडी चालवणाऱ्या अण्णांना म्हटलं, चला.

चौकात पोचलो. खरंच दोन्हीकडे हिरवा! एक ट्रक आणि एक स्कूटर एकमेकांना आडवे येऊन करकचून थांबले, मध्ये जेमतेम वीतभर जागा. अण्णा हात पसरून भर चौकात धावले. मी पेटी उघडून सगळे दिवे लाल लुकलुकण्यावर टाकले.

उंदरांनी कुरतडलेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. ते समजलं. पण पेटीत एक राखणदार कार्ड असतं. आडव्या रस्त्यांना एकत्र हिरवा लागला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते सिग्नल बंद पाडतं. ते गप्प का बसलं? बॅटरी मारून मागे पाहिलं. कार्डाला वळसा घालून पिवळी वायर जोडलेली, म्हणजे कार्ड असून नसल्यासारखं.

"कुठल्या गाढवानं केलंय हे?" अण्णा ओरडले.

वायरीला चिठ्ठी होती: 'तात्पुरतं. उद्या काढणे.' अक्षर माझं.

दोन वर्षांपूर्वी ते कार्ड उगाचच सिग्नल पाडत होतं, दुसरं शिल्लक नव्हतं, आणि तेवढ्यात आई पडल्याचा फोन आला होता. तो उद्या कधी उजाडलाच नाही. दोन वर्षं शाळेची पोरं इथून जात होती! मी वायर काढली आणि चिठ्ठी अण्णांपुढे धरली. अण्णांनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वायर काढलीस ना? कुणाला काही झालं नाही. झाकली मूठ राहू दे."

"साहेब, माझ्यासारखं आणखी कुणी विसरलं असेल तर?"

मी अहवालात सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. शिक्षा म्हणून मला सहा महिने ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवलं. पण शहरातली प्रत्येक पेटी उघडली गेली, आणि अशा आणखी पाच वायरी निघाल्या. चौथ्या वायरीच्या चिठ्ठीवर साहेबांची सही होती, ते पेट्या दुरुस्त करायचे त्या काळातली. ती हातात धरून साहेब उभेच राहिले.