डब्यात कोण हाय

सुकन्याचा पाय आठवडाभर हलत होता. जेवताना हलायचा, शाळेत बाकाखाली हलायचा, झोपेतही हलत असणार. बसून पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, असं म्हणून आईनं, म्हणजे ताराबाईनं, दोनदा गुडघ्यावर चापट मारली. लक्ष्मीचं माहीत नाही, पण सुकन्याची झोप तेवढी गेली होती.

सगळं घडलं त्या कंप्युटरमुळे. सोमनाथकाकानं तो बीडच्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून आणला होता. जीपच्या मागच्या सीटवर, लेकरू मांडीवर घ्यावं तसा धरून थेट गावी, दिंद्रुडपर्यंत. पुढच्या बाजूला इंटेलचं निळं स्टिकर होतं आणि काकाला ते फार आवडलं होतं. त्याच्या मोटारसायकलवर नेत्याचा एवढा मोठा फोटो. काकाच्या लेखी स्टिकर म्हणजे दिलेला शब्द.

सुकन्या दहावीत. शाळेच्या प्रदर्शनासाठी ती धर्मापुरीचं देऊळ कंप्युटरवर उभं करत होती. सहलीत तिनं खांब न् खांब, मूर्ती न् मूर्ती मोबाईलमध्ये टिपून आणली होती. देऊळ पडद्यावर गोल फिरायला हवं होतं. ते अर्ध्यात यायचं आणि कंप्युटर गारठायचा. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू, तोच जुना, त्याचा जीव तो केवढा. नवा बसवायचा ठरलं, तेव्हा तिचे वडील अण्णा ताटावरून मान न उचलता म्हणाले, "कंप्युटरचं सुकन्या ठरवील."

त्या घरात आजवर ठरवायचा तो काका. मेंढरं कुठल्या रानात बसवायची तेही काकाच. सुकन्याचा घास हातातच राहिला. मग ती अशी काही फुगली की दोन दिवस जमिनीवर चाललीच नाही.

आणि तिसऱ्या दिवशी फुगा फुटला. आत्ता आत काय आहे ते बघावं म्हणून तिनं सेटिंग उघडली, तर तिथं प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचं, एएमडीचं नाव. कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नाव तेच. बाहेर इंटेल, आत एएमडी.

तोवर तिचे व्हिडिओ बघून बघून डोळे लाल झाले होते. एक जण म्हणायचा इंटेलच घ्या, दुसरा म्हणायचा एएमडीपुढं इंटेल काहीच नाही, आणि दोघंही इलेक्शनच्या उमेदवारासारखे हात जोडून बोलायचे. पण एका गोष्टीवर दोघांचं जमत होतं. ज्या कंपनीचा प्रोसेसर, त्याच कंपनीचा चालेल असा खालचा बोर्ड लागतो. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात बसतच नाही. म्हणजे आहे त्या बोर्डावर एएमडीचाच मोठा प्रोसेसर बसवायचा, नाहीतर इंटेलसाठी अर्धा कंप्युटर बदलायचा.

सांगून टाकायचं की मग. पण काका पारावर बसून रोज सांगत होता की सुकीच्या कंप्युटरात इंटेल हाय, आता त्याचाच थोरला भाऊ आणतो. खरं बोललं तर गावादेखत काका फसला असं होणार. गप्प बसलं तर चुकीचा माल घरात येणार, आणि मग सगळे म्हणणार, दिलं पोरीला ठरवायला, बघा. पुन्हा तिला कुणी विचारणार नव्हतं. दहावीनंतर कुठं शिकायचं, हेसुद्धा नाही. पाय त्यासाठी हलत होता.

रविवारी काका तिला आणि कंप्युटरला घेऊन माजलगावला निघाला. दुकान आदिनाथचं. त्यानं कंप्युटरचा डबा टेबलावर ठेवला आणि बोर्ड कुठला आहे ते विचारलं.

"इंटेल," काका स्टिकरवर बोट ठेवून म्हणाला. "हे काय चिकटीवलंय की."

आदिनाथ मागच्या फळीकडे वळलासुद्धा. सुकन्या पुढं झाली.

"काका, स्टिकर इंटेलचं हाय. आत एएमडी हाय."

काकानं तिच्याकडं पाहिलं नाही. स्टिकरकडं पाहिलं. मग आदिनाथला म्हणाला, "उघड."

आदिनाथनं कात्री घेतली, कारण डब्याला आईनं खंडेनवमीला बांधलेला लाल नाडा होता. घरातल्या विळ्या-कुऱ्हाडीसोबत कंप्युटरचीही पूजा झाली होती. सुकन्यानं डब्यावर हात ठेवला. नाडा कापायचा नाही, सोडायचा आणि तसाच परत बांधायचा, असं आईनं बजावलं होतं. ती गाठ सोडवू लागली. आईची गाठ ती. गाठ आणखीच आवळत गेली. आदिनाथ कात्री हातात घेऊन उभा.

मग काकानं तिचा हात बाजूला सारला. जन्मभर मेंढरांची दावी सोडलेली बोटं ती. दोनदा चिमटीत धरून ढिली केली, नाडा सुटला.

आदिनाथनं झाकण काढलं, पंखा उचलला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसला. खालून एएमडीची अक्षरं वर आली. काकानं वाकून एक एक अक्षर वाचलं.

"म्हंजी त्या बीडवाल्यानं मला स्टिकर इकलं."

आदिनाथ हसायला लागला आणि काकाचं तोंड बघून खोकला.

"तुला कवापास्नं म्हाईत हाय?"

"आठवडा झाला."

"मग बोलली कावून न्हाई?"

"तुमी रोज पारावर सांगत होता."

आदिनाथनं दोन्ही कंपन्यांच्या पेट्या समोर मांडल्या आणि काकाला विचारलं, कुठला बसवू.

"मला काय इचारतो," काका म्हणाला. "तिला इचार. घरात तिच्यावर सोडलंय."

सुकन्यानं एएमडीच्या पेटीवर बोट ठेवलं. आदिनाथनं आधी बोर्डाचा नंबर पडताळून पाहिला आणि बसेल म्हणून मान हलवली. काकानं तोवर अंगठ्याच्या नखानं ते निळं स्टिकर न फाडता सोडवलं आणि खिशात घातलं.

संध्याकाळी देऊळ पडद्यावर पूर्ण फिरलं. अण्णा उभ्याउभ्या बघत राहिले, आईनं नाडा परत बांधला. काका म्हणाला, अजून एकदा फिरव. सुकन्यानं फिरवलं. तिचा पाय जमिनीवर गप्प होता.

सकाळी ती शाळेत निघाली तर पारापाशी काकाची गाडी उभी. नेत्याच्या फोटोखाली, टाकीवर, निळं स्टिकर. कुणीतरी विचारत होतं हे काय लावलं, आणि काका सांगत होता, "गाडीत इंटेल हाय. लई अॅव्हरेज देती."

सुकन्या थांबली. काकानं तिला बघितलं, आणि नजर झाडावर नेली.

आता हेही खरं आपणच सांगायचं की काय, म्हणून तिचा पाय पुन्हा हलायला लागला.