चुकीच्या चौकातले ठिपके

दर जानेवारीला वर्ना टोलेफ्सन गावातल्या अपघातांचा वार्षिक अहवाल लिहायची, आणि लिहून झाला की आठवडाभर तिची पाठ धरायची. ऑस्बीच्या पोलीस ठाण्यात तिची सव्वीस वर्षं कारकुनी झाली होती. गाव चार हजारांचं. पोलीस सहा, चीफ धरून सात. यंदाचे आकडे असे: एकशे सत्त्याऐंशी अपघात, बावन्न जखमी, तीन मेले. गेल्या वर्षी एकशे एकाहत्तर अपघात होते, त्याच्या आदल्या वर्षी एकशे बासष्ट. नगर मंडळापुढे ती हे वाचायची, मंडळातले लोक चष्मे पुसायचे, कुणीतरी म्हणायचं, "लोक फोन बघत गाड्या चालवतात हो," आणि पुढचा विषय निघायचा. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

यंदा मात्र अहवालाला जरा भाव होता. आमच्या भागातल्या एका चौकाला राज्य सरकार स्वतःच्या खर्चानं गोल चौक बांधून देणार होतं. मधे गोल बेट, चारही बाजूंनी गाड्यांना वेग कमी करावाच लागतो, त्यामुळे माणसं मरत नाहीत. गेल्या पाच वर्षांच्या नोंदींवरून गुण द्यायचे. जखमीला थोडे, मेलेल्याला भरपूर. ज्या चौकाचे गुण जास्त, त्याला मिळणार. आणि आमचा मिल स्ट्रीटचा चौक भागात पहिला होता. अर्जाची मुदत शुक्रवारची.

मिल स्ट्रीटचं गावाला कोडंच होतं. सहा वर्षांपूर्वी तिथं सिग्नल बसवला, तरी अपघात कमी झाले नाहीत. पाद्र्यांनी एका रविवारी त्यावर प्रवचनसुद्धा दिलं, की समोर लाल दिवा असूनही माणूस थांबत नाही तो नाहीच. लोकांनी माना डोलावल्या.

सोमवारी सकाळी वर्नानं अहवालासोबतचा पाच वर्षांचा नकाशा ग्रंथालयाच्या भिंतीवर टाचला. एक अपघात म्हणजे एक निळा ठिपका, मृत्यू असेल तर लाल. ती टाचण्या डबीत भरत होती तेवढ्यात डेल्फिन रोझाक आली. डेल्फिनचा नवरा वॉल्ट दोन वर्षांपूर्वी, साखरेच्या बीटच्या हंगामात, अपघातात गेला. गेल्या जानेवारीत नकाशा बघायची तिची हिंमत झाली नव्हती. यंदा ती नाक भिंतीला लागेल इतकी जवळ जाऊन बघत होती.

"वर्ना, वॉल्ट कुठला गं यातला?"

वर्नानं मिल स्ट्रीटवरच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं. "यातला एक असणार."

"वॉल्ट मिल स्ट्रीटवर नाही मेला."

"डेल्फिन, नोंदीत तर—"

"तुझी नोंद तू घेऊन बस. मी तिथं गेले होते. बीटच्या यार्डाचा चौक. त्याचा एक बूट यार्डाच्या फाटकापाशी सापडला. मी उचलला तो." ती अगदी सावकाश बोलत होती. "माझा माणूस इथं अर्धा मैल कोणी ओढत आणला?"

वर्नानं टाचण्यांची डबी मिटली. ती ठाण्यात परतली आणि कोट न काढताच वॉल्टचा रिपोर्ट काढला. पोलीस रिपोर्टाला हातानं काढलेलं चित्र जोडतात. चित्रात यार्डाचं, म्हणजे शेतातला बीट आणून ढीग लावतात त्या आवाराचं, फाटक होतं, बीटचा ट्रक होता, वॉल्टची छोटी गाडी होती. खाली शब्दांतही लिहिलं होतं, यार्डापाशी म्हणून. आणि वर, जागेच्या रकान्यात, ज्यावरून नकाशा आपोआप बनतो तिथं, छापलं होतं: मिल स्ट्रीट.

मग तिला आठवलं.

आठ वर्षांपूर्वी पोलिसांच्या गाड्यांत संगणक आले. पोलीस जागेचा रकाना कोरा सोडायचे, राज्याकडून रिपोर्ट परत यायचे, आणि वर्नाला एकेकाच्या मागं लागावं लागायचं. शेवटी वैतागून तिनं प्रत्येक गाडीत चिठ्ठी चिकटवली: 'जागा लिहू नका, हिरवं बटण दाबा.' हिरवं बटण दाबलं की गाडी जिथं उभी आहे ती जागा आपोआप भरली जाते. त्या वर्षी ऑस्बीचा एकही रकाना कोरा गेला नाही. राज्यानं वर्नाला प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते अजून तिच्या टेबलामागं लटकत होतं.

ती उठून चीफच्या खोलीत गेली. रस्टी कुबात तिच्याहून दहा वर्षांनी लहान, गुडघ्यानं अधू, मनानं चांगला. तिच्या हाताखालीच रिपोर्ट लिहायला शिकलेला.

"रस्टी, तू रिपोर्ट कुठं लिहितोस?"

"गाडीत. मग काय चर्चमध्ये?"

"गाडी कुठं उभी असते?"

"ते हवेवर असतं," तो म्हणाला. "उन्हाळ्यात असेल तिथंच. पण यार्डाच्या चौकात ऑक्टोबरात वारा कसा असतो तुला काय माहीत. ट्रक कानाला घासून जातात. जखमींना पाठवलं, गाड्या ओढून नेल्या, की मी सरळ पेट्रोल पंपावर येतो. तिथं ऊब असते, पोलिसांना कॉफी फुकट. सगळेच तिथं बसून लिहितात. माझ्या आधीचा चीफपण तिथंच लिहायचा."

"पंप मिल स्ट्रीटच्या चौकात आहे."

"मग?"

"आणि तिथं बसून तू हिरवं बटण दाबतोस."

"चिठ्ठी तूच चिकटवलीस की," तो हसत म्हणाला, आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

मंगळवार आणि बुधवार वर्नानं पाच वर्षांचे रिपोर्ट एक एक करून वाचले. आठशेच्या वर होते. चित्र बघायचं, मजकूर वाचायचा, ठिपका उचलून खऱ्या जागी ठेवायचा. बुधवारी संध्याकाळी हिशेब लागला. मिल स्ट्रीटवर पाच वर्षांत माणूस जखमी झाल्याचे अठ्ठावन्न अपघात होते, त्यातले सात उरले. यार्डाच्या चौकात तीन होते, ते चोपन्न झाले. मिल स्ट्रीटवर दाखवलेले पाचही मृत्यू यार्डातले. म्हणजे सहा वर्षं सिग्नल भलत्याच ठिकाणी उभा होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पाद्र्यांनी उगाचच गावाला पापी ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी तिनं राज्याच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, नोंदी दुरुस्त केल्यात हे उत्तमच केलंत, पण दुरुस्त नोंदींची तपासणी करावी लागते, तिला वर्ष लागतं. तेव्हा यंदाचा अर्ज बाजूला पडेल, पुढच्या वेळी पुन्हा करा.

चीफनं हे ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"वर्ना, एप्रिलमध्ये तू निवृत्त होऊन घरी बसणार. गप्प राहा. मिल स्ट्रीटला गोल चौक होऊ दे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि यार्ड?"

"यार्डाचं बघू पुढं."

"एकदा गावाला मिळाला की दहा वर्षं परत मागता येत नाही. कागद तूच मला वाचून दाखवलास. यार्डात वर्षाला एक जातो, रस्टी. खरं सांगितलं तर एक वर्ष जाईल. नाही सांगितलं तर दहा."

"'थांबा' अशी पाटी आहे तिथं."

"भरलेला बीटचा ट्रक पाटी वाचून थांबतो होय?"

चीफ गुडघा चोळत बसला. "तू एक वर्ष म्हणतेस. ते वर्ष म्हणजे एक माणूस आहे. त्याच्या घरी जाऊन दार मी वाजवणार, तू नाही."

वर्ना भांडायला गेली होती, पण हे खरं होतं.

संध्याकाळी ती डेल्फिनकडे गेली. डेल्फिननं कॉफी ओतली, खजुराच्या वड्यांचं ताट पुढं सरकवलं. आमच्याकडे घरात कितीही वाईट बातमी आली तरी वड्यांचं ताट पुढं येतं. वर्नानं वडीला हात लावला नाही. तिनं सगळं सांगितलं, बटणाचं, पंपाचं, कॉफीचं. "ती चिठ्ठी मी चिकटवली होती," ती म्हणाली.

डेल्फिननं कप खाली ठेवला.

"म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा तो सिग्नल यार्डात लागायला हवा होता."

"हो."

"वॉल्ट दोन वर्षांपूर्वी गेला."

"हो."

"वर्ना, तुला माफ केलं असं ऐकायला आली असशील तर आज जमायचं नाही."

"त्यासाठी नाही आले. उद्या शुक्रवार आहे. मी काय करू ते विचारायला आले. खरं सांगितलं तर यंदा काहीच मिळणार नाही, आणि यार्डात अजून एक जाईल."

"ते मला काय विचारतेस? जो जाणार आहे त्याच्या घरच्यांना विचार."

"ते कोण ते मला माहीत नाही ना."

"माहीत नाही म्हणून तर इतकी वर्षं सगळ्यांचं सुरळीत चाललंय," डेल्फिन म्हणाली. ती उठली आणि भांडी विसळायला लागली. वर्नाकडे पाठ करूनच पुढं म्हणाली, "मला वॉल्ट जिथं मेला तिथं हवा आहे. बाकी तुझं तू ठरव."

वर्ना रात्रभर कूस बदलत राहिली, आणि शुक्रवारी सकाळी तिनं दुरुस्त नोंदी राज्याला धाडल्या. संध्याकाळी मंडळापुढं उभं राहून चूक आपली म्हणून सांगितली. एका सदस्यानं विचारलं की आकडे आधीच नीट का तपासले नाहीत. आठ वर्षांत यानं नकाशाकडे एकदाही वर मान करून पाहिलं नव्हतं. वर्ना एवढंच म्हणाली, "मी तपासायला हवे होते." गावातही बोलाचाली झाली. किराणा दुकानात कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "फुकटातला गोल चौक घालवला बाईनं." तिला सगळ्याचा कंटाळा आला होता, माणसांचा, आकड्यांचा आणि स्वतःचाही.

एप्रिलमध्ये ती घरी बसली नाही. ते वर्ष पुरं होईस्तोवर तिला खुर्ची सोडवेना. तिनं गाड्यांतल्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. हंगाम सुरू झाला तसा चीफनं यार्डाच्या चौकात एक गाडी उभी ठेवायला सुरुवात केली, पण माणसं सात आणि बीटचे ट्रक चोवीस तास. किती वेळ ठेवणार? तो स्वतःही जाऊन उभा राहायचा. पोलिसांना सक्त ताकीद होती, की रिपोर्ट जागेवरच लिहायचा, पाऊस असो की गारा. पोलीस वर्नाशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले होते.

सप्टेंबरच्या शेवटी गोल चौकाच्या पुढच्या फेरीची राज्याची कच्ची यादी आली. तपासणी पार पडली होती. यार्डाचा चौक भागात दुसरा होता. पहिला चौक नदीपलीकडच्या गावाचा, आमच्याहून चारच गुणांनी पुढं. शेवटची यादी वर्षअखेरच्या आकड्यांवर ठरायची होती. दुसऱ्याला काही मिळत नव्हतं. "चार गुणांसाठी," चीफ म्हणाला, आणि यादी टेबलावर उलटी ठेवली.

ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला चीफ आत आला. पहाटेपासून बर्फमिश्रित पाऊस होता. तो टोपीपासून बुटांपर्यंत निथळत होता, बोटं निळी पडली होती. त्यानं कागद वर्नापुढं ठेवले.

"तिथंच उभं राहून लिहिलंय," तो म्हणाला. "दोन तास लागले."

वर्नानं वाचलं. नोएमी कांतू, वय चौतीस, टेक्ससहून हंगामाला बीटचा ट्रक चालवायला आलेली. रात्रपाळी संपवून आपल्या गाडीनं खोलीवर निघाली होती. भरलेला ट्रक पाटीपाशी थांबला नाही. जागेवरच गेली. मागं नवरा आणि दोन मुली.

वर्नानं एकेक रकाना भरला. नाव, वय, वेळ, हवामान. जागा: यार्डाचा चौक. शेवटचा रकाना भरला तशी संगणकानं गुणांची बेरीज नव्यानं केली, आणि पडद्यावर राज्याच्या यादीत ऑस्बी दुसऱ्या ओळीवरून पहिल्या ओळीवर गेलं.

आणि वर्नाला हायसं वाटलं. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, श्वास मोकळा झाला, ओठही थोडे हलले. क्षणभरच, पण वाटलं.

मग तिनं पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं आणि तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले, जणू ते कुणाला दिसू नयेत.

चीफ तिच्या खांद्यामागं उभा होता. त्याच्या टोपीतलं पाणी टेबलावर टपकत होतं. त्यानं पडद्यावरची पहिली ओळ वाचली होती, हे तिला न बघताही कळलं.

"मिळाला?" त्यानं विचारलं.

"मिळाला," ती म्हणाली.

त्यानंतर बराच वेळ त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.