चौथा गिअर फक्त रविवारी

आमच्या घरात नियम मोडायची सोय नाही. ह्यांची उभी हयात सरकारी छापखान्यात नियमावल्यांची मुद्रितं तपासण्यात गेली. कुठल्या नियमात काय लिहिलंय ते त्यांना पाठ आहे, आणि काय लिहायचं राहून गेलंय ते त्याहून जास्त पाठ आहे. मी गाडी शिकायला घेतली तेव्हा हे दुसरं ज्ञान कामी आलं.

शिकणं हौसेचं नव्हतं. एकोणीस वर्षं मी एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात दात लावायचे, घासायचे, चकाकी द्यायची. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या हातच्या दातांनी हसतात. ही लॅब एक तारखेपासून बावीस किलोमीटर लांब जाणार होती आणि तिकडे बस नाही. "सकाळी आठला जो पोचेल तो राहील," एवढंच मालक म्हणाले. माझी लायसन्सची परीक्षा अठ्ठावीसला, नापास झाले तर पुढची तारीख दीड महिन्यानं. काम गेलं तर घरात बसून मी भिंतीच चावेन.

गाडी होती. ह्यांचे मामा जाताना ठेवून गेले होते. पण घरात एकालाही ती चालवता येत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलचे धडे मंगळवारी आणि शनिवारी. मधले दिवस सराव करा, असं तिथल्या सरांनी बजावलं होतं. आता शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्क्या लायसन्सवाला बसायला हवा, हा नियम. शेजारचे काका एकदा बसले. त्या दिवशी त्यांच्याच फाटकाचा खांब पडला, आणि तेव्हा त्यांची जी पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

दोन दिवस विचार करून हे म्हणाले, "इंजिन बंद असेल तर ते वाहन चालवणं होत नाही. ते सामान हलवणं होतं. सामान हलवायला लायसन्स लागत नाही."

"अहो, पण बंद गाडीत मी शिकणार काय?"

"ते आमच्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या गल्लीत सराव सुरू झाला. मी स्टिअरिंगवर. मागून धाकटे भावोजी ढकलायला, हा पहिला गिअर. भावोजी आणि आमची कॉलेजात जाणारी लेक, हा दुसरा. तिसऱ्याला कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला येई, इस्त्री तापेपर्यंत त्याला तसंही काम नसे. चौथा गिअर फक्त रविवारी, कारण व्यायामशाळेच्या मास्तरांना तेव्हाच सुट्टी. मी क्लच दाबला की सगळ्यांनी हात उचलायचे, सोडला की टेकवायचे. झटक्यानं सोडला तर भावोजी "बंद पडली!" म्हणून रस्त्यातच मांडी घालून बसत. मग मी किल्ली फिरवल्याचं नाटक केलं की उठत. एकदा तीनदा फिरवूनही उठले नाहीत. "गारठा आहे वहिनी, वेळ घेणार ती," म्हणाले.

रिव्हर्सला सगळे पुढे येऊन बॉनेटला हात लावत. सर म्हणायचे मागे बघा, पण घरची माणसं समोरून लालबुंद तोंडानं आपल्याकडे बघत असताना पाठ फिरवायची कशी? माझा रिव्हर्स त्यामुळे कच्चा राहिला.

आणि इंजिन म्हणजे हे. माझ्या खिडकीशी धावत तोंडानं आवाज काढायचे. आधी नुसतं "घुर्र" होतं. पण माणूस पडला मुद्रितशोधक, स्वल्पविराम चुकला तरी जेवण न जाणारा. आठवड्याभरात त्यात बारकावे आले. क्लच अर्धा सुटला की आवाज जड व्हायचा, गिअर बदलायची वेळ झाली की चढत चढत अगदी टिपेला जायचा, आणि मी गिअर टाकला की समाधानानं खाली उतरायचा. मला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खिडक्याखिडक्यांतून लोक बघत.

सासूबाई मागच्या सीटवर. "घरची गाडी फिरतेय आणि मी घरात बसू?" त्यांचं वजन एकूण एक गिअरला जड जाई, पण तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

शिवाय रोज सकाळी हे उभ्या गाडीत इंजिन सुरू करून अर्धा तास बसत. जागच्या जागी सुरू ठेवणं हेही चालवणं होत नाही म्हणे. बॅटरी उतरू नये म्हणून करत असतील, अशी माझी समजूत.

पंचवीस तारखेला मंगळवारचा शेवटचा धडा होता. स्कूलची गाडी मी झकास चालवत असे. सरांचं नाव आम्ही 'सावकाशसर' ठेवलं होतं, कारण त्यापलीकडे ते काही बोलत नसत. त्या दिवशी माझा रुमाल खाली पडला. वाकून उचलताना दिसलं की सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत, आणि सरांचे दोन्ही पाय कामात आहेत.

"सर, पाय काढा बघू," मी म्हटलं.

त्यांनी काढले. गाडी अकरा वेळा बंद पडली.

"म्हणजे दीड महिना शिकत कोण होतं?"

"मला तर आधीपासूनच येते," सर म्हणाले. "सावकाश घ्या."

घरी येऊन सगळं सांगितलं आणि लहान पोरीसारखी रडले. एकोणीस वर्षांचं काम तीन दिवसांत जाणार होतं, आणि मला येत होतं काय, तर सामान हलवणं. हे उठले. चपला काढून कॅनव्हासचे बूट घातले आणि म्हणाले, "चल, सरावाची वेळ झाली."

अठ्ठावीसला शुक्रवार. परीक्षेचं मैदान तीन किलोमीटर. सकाळी सहापासून तिसऱ्या गिअरात ढकलत गाडी तिथे नेली.

परीक्षक एक बाई होत्या. घामानं निथळणारी आमची वरात बघून त्यांनी विचारलं, "गाडी बंद पडलीये का?"

"नाही मॅडम," हे म्हणाले. "बंद ठेवलीये."

घरचे सगळे दोरीपलीकडे गेले. बाई माझ्या शेजारी बसल्या. मी किल्ली फिरवली. खरं इंजिन सुरू झालं, आणि माझ्या कानात भीतीशिवाय काही शिरेना. क्लच सोडला, बंद. पुन्हा सोडला, पुन्हा बंद.

"तिसऱ्यांदा बंद पडली की नापास," बाई म्हणाल्या.

लाजबीज सगळी गेली. "मॅडम, माझ्या मिस्टरांना खिडकीशी धावू द्याल का? मला त्यांच्याशिवाय गिअर कळत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नियमांचं पुस्तक काढलं. दोरीपलीकडून हे ओरडले, "पान चौदा! गाडीत तिसरं कुणी बसू नये, एवढंच आहे. धावण्याबद्दल काही नाही. मीच तपासलंय ते!"

बाईंनी पान चौदा दोनदा वाचलं. "तोंडानं हॉर्न मात्र वाजवायचा नाही," त्या ह्यांना म्हणाल्या.

हे खिडकीशी आले. "घुर्र" सुरू झालं. आवाज जड झाला तिथे मी क्लच सोडला, आणि गाडी हलली. मागे एकही हात नव्हता. दुसरा टाकला. हे जोरात धावू लागले, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तोंड वांग्यासारखं जांभळं. तिसरा टाकला आणि आरशात दिसलं की हे मागे थांबलेत, गुडघ्यांवर हात टेकून.

आवाज मात्र थांबला नव्हता. तोच, तसाच. तो गाडीतून येत होता. रोज सकाळी अर्धा तास हा माणूस गाडीत बसून काय करत होता ते मला तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले.

"समोर बघा," बाई म्हणाल्या.

रिव्हर्सही जमला. समोर कुणी बघत नव्हतं ना.

पास झाले. पण पक्कं लायसन्स उद्या हातात येणार होतं, त्यामुळे घरी जाताना गाडी पुन्हा सामान. लाँड्रीवाल्यानं पहिल्यांदाच कुरकुर केली.

एक तारखेला सकाळी सातला मी गाडीत बसले. सासूबाई फाटकातच थांबल्या. "आज मी नाही येत, तुला उशीर होईल," म्हणाल्या. बाकी सगळे सवयीनं मागे जाऊन हात टेकवून उभे राहिले. मी किल्ली फिरवली, क्लच सोडला. हात तसेच हवेत राहिले.

हे कोपऱ्यापर्यंत खिडकीशी धावत आले, आवाज काढत. मी तिसरा टाकला तेव्हा थांबले आणि हात हलवला. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा होता. मला फार एकटं वाटलं. मग मीच तोंडानं "घुर्र" सुरू केलं, चढत चढत अगदी टिपेपर्यंत.

सोमवार होता. मी चौथा टाकला.